मालकाने आशा सोडली का?

...कॉपी हो, एक साधी कॉपी हवी होती! तुम्हाला सांगतो, आजारपणानंतर सासूबाईंचं बोलणंच बंद झालं, पण आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, पूर्वी गाणाऱ्या गायकाची सीडी लावली की गुणगुणतात, आता निम्मा महिना त्या आमच्याकडे, निम्मा मेहुणीकडे, जाताना सीडी विसरली की तिकडे सगळं चिडीचूप... म्हटलं कॉपी काढू, तर बायको म्हणते, आधी रब्बींना विचारा, धर्मात चालतं का!

गेलो. रब्बी म्हणाले, "विकत काय घेतलंत?" म्हटलं, सीडी. "त्यावर लिहिलंय ना, कॉपी करू नये? म्हणजे तो हक्क विकलेलाच नाही." घ्या! घर आपलं, जिना मालकाचा? वर म्हणाले, काही पंडित म्हणतात की ही कलावंताच्या पोटावर पाय, काही म्हणतात की सगळेच कॉपी करतात, तर ती समुद्रात वाहून गेलेली वस्तू, मालकानेच आशा सोडलेली, म्हणजे कोणीही घ्यावी. आता मलाही चेव आला. आमची सीडी वाहून गेलीय का नाही? रब्बी शांतपणे म्हणाले, "मालकालाच विचारा की, हयात आहे."

हवी होती एक कॉपी, आणि मी उभा त्या गायकासमोर, आता घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यासमोर! डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणतो, "आवाज माझा, तो घ्या. चाली धाकट्या भावाच्या. आमचं बोलणं नाही, तुम्हीच विचारा." धाकटा बेकरीत, हात पिठात. "दादाने विचारायला पाठवलं? मला?" म्हटलं, हो, म्हणजे तसंच काहीसं... ॲप्रन काढून निघालाच!

दुकानात दोघं समोरासमोर, मधे मी. थोरल्याने भिंग काढून ठेवलं. मग धाकटा म्हणाला, "दादा, तिसऱ्या गाण्यात तू चाल बिघडवलीस." थोरला म्हणाला, "बिघडवली. आता नीट गातो." सुटलो म्हणावं, तर धाकटा माझ्याकडे वळून म्हणाला, बिघडलेल्या चालीची कॉपी काढायची नाही, नवीन रेकॉर्ड करू! सराव कुठे? एकमेकांच्या घरी पाय ठेवायला दोघंही अजून लाजतात... म्हणून आमच्या हॉलमध्ये, रोज!

सासूबाई खुर्ची ओढून समोर बसतात, सुरात सूर लावतात. परवा मेहुणी न्यायला आली, बॅग भरली, आणि इतक्या महिन्यांनी सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. बायको रडली, मेहुणी रडली, मीही रडलो... प्रत्येकाचं कारण वेगळं.

म्हणाल्या, "मी आता इथेच राहणार."