अकरा बेचाळीसचा फोटो

जबाब देणार : पूर्ण नाव सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे, वसाहतीत ‘मीटरताई’ म्हणून ओळख. वय ४४ वर्षे. काम : घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचे रीडिंग घेणे, कंत्राटी. राहणार : पाण्याच्या टाकीमागील इमारत, दुसरा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी नवरा, मुलगी आणि सासूबाई यांच्यासोबत राहते. अकरा वर्षे हेच काम करते. छापखान्यामागच्या बैठ्या घरांपैकी एकोणीस नंबरमध्ये राहणाऱ्या टायपिंगच्या बाई गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात मृत आढळल्या. त्यांच्या घराचा मी मंगळवारी काढलेला फोटो आहे, म्हणून मला बोलावले. त्या दिवशी आईला कोणी पाहिले होते का, एवढेच बाईंच्या मुलीला हवे आहे, असे फौजदारांनी मला सांगितले.

मागच्या वर्षी मला चाळिशी लागली. मीटरवरचा आठ मला तीन दिसू लागला. ऑफिसातून दोनदा बोलणी खाल्ल्यावर मी मोठ्या पडद्याचा फोन घेतला. मुलगी म्हणाली, “आई, हा फोन आहे की ताट?” कामाचे ॲप, घरांची यादी, सासूबाईंच्या गोळ्यांवरची बारीक अक्षरे, मुलीचा अभ्यास, नणंदेशी बोलणे, सगळे त्याच एका फोनवर चालते. पडद्याला उजव्या कोपऱ्यात तडा आहे. तो जुना आहे, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

बाई एकट्या राहत. त्यांनी तीस वर्षे पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास चालवला होता. घराचे मागचे फाटक गल्लीत उघडते. आत दहा पावलांचे अंगण, समोर स्वयंपाकघराचे खालपासून वरपर्यंत काचेचे दार, दाराशेजारी मीटर. फाटकाची कडी आतून असते. जुना फोन होता तोवर मी “बाई, मीटर!” अशी हाक मारायचे आणि त्या काठी टेकत येऊन कडी काढायच्या. नवा फोन आल्यावर पहिले दोन महिने मी तशीच आत जात होते. त्या औषधाचा कागद, बँकेचे पत्र, काय काय पुढे करायच्या. मी फोटो काढून मोठा करून द्यायचे आणि त्या माझ्या फोनवर वाचायच्या. मी एका अंगठ्याने टाइप करते हे त्यांना बघवत नसे. म्हणायच्या, “दहा बोटं दिलीत ना तुला? मग एका अंगठ्यालाच का राबवतेस?” मग ओट्यावर करून दाखवायच्या : तळहात उचललेला, फक्त बोटांची टोके टेकलेली. “तळहात टेकला की बोटं आळशी होतात.”

त्यानंतर माझ्या लक्षात आले की आत जायची गरज नाही. फाटकाच्या गजांतूनच फोन धरून पडद्यावर दोन बोटे फाकवली की आकडे अंगठ्याएवढे होतात. कोणत्या घरी किती मिनिटे लागली हे ॲपमध्ये मोजले जाते. शेवटचे चार महिने मी बाहेरूनच फोटो काढत होते. बाई आतून हात करायच्या, मीही करायचे. पुढच्या वेळी बसायला येते, असे मी त्यांना प्रत्येक वेळी म्हटले आहे.

मंगळवारी मी अकरा एक्केचाळीसला फाटकाशी पोहोचले. एक हाक मारली. आत रेडिओ चालू होता. मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता. अजून सदतीस घरे बाकी होती. अकरा बेचाळीसला फोटो काढला. ‘ग्राहक भेटले का?’ या प्रश्नाला ‘नाही’ दाबले आणि पुढे गेले. तो फोटो आज मला इथे दाखवण्यात आला. रीडिंग स्पष्ट आहे. डावीकडे दाराच्या काचेला, जमिनीपासून वीतभर वर, आतून पांढरट फडके दिसते. मुंग्या येऊ नयेत म्हणून बाई दाराच्या फटीत फडके खुपसत असत. ते माझ्या तेव्हा लक्षात आले नाही.

बाई गेल्याचे मला गुरुवारी त्यांच्या शेजारी राहणाऱ्या चष्म्याच्या दुकानदाराकडून समजले. डॉक्टरांच्या मते बाई मंगळवारी सकाळी पडल्या आणि बुधवारी दुपारपर्यंत जिवंत होत्या, हे मला आज इथे सांगण्यात आले. मी पाणी मागितले. पाणी प्यायले.

जबाबाआधी बाईंची मुलगी मला बाहेर बाकावर भेटली. तिने विचारले, “आईनं हाक मारली होती का हो तुम्हाला?” मी नाही म्हटले. रेडिओ चालू होता, असेही सांगितले. ती म्हणाली, “तिचा आवाज लहानच होता.” मग माझा हात धरून म्हणाली, की आई फोनवर तुमचं सांगायची, मीटरताई आली की माझी सगळी पत्रं वाचून होतात म्हणायची. गेले चार महिने मी त्यांचे एकही पत्र वाचून दिलेले नाही. हे मी तिला सांगितले नाही.

इथवरचा जबाब हवालदारांनी वाचून दाखवल्यावर मी पुढील मजकूर जोडायला सांगते. हे मला कोणी विचारलेले नाही.

मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी मी घरी रीडिंग तपासत बसले होते. एकोणीस नंबरचा शेवटचा आकडा आठ की तीन, हे पाहण्यासाठी फोटो मोठा केला. तो सरकवताना डावा कोपरा पडद्यावर आला. फडके वाटले. मी आणखी मोठा केला. फडक्याला नखे नसतात. पाच टोके काचेला वेगवेगळी टेकलेली होती आणि तळहात उचललेला होता.

मुलीला क्लासला सोडायचे होते. फडकेच असणार, असे मी मनाशी म्हटले. फोटो लहान केला आणि ‘पाठवा’ दाबले. आकडा आठ होता. माझ्या घरापासून एकोणीस नंबर चालत बारा मिनिटांवर आहे.

बुधवारी मी त्या गल्लीकडे गेले नाही. तेव्हापासून कुठेही काचेचे दार दिसले की मी आधी त्याची खालची बाजू बघते. फोन बंद असला की काळ्या पडद्यावर माझ्याच बोटांचे ठसे दिसतात. मी ते पुसते आणि पुसताना पुन्हा उमटतात. मुलगी विचारते, आई, ताट किती वेळा घासशील. घरी कोणाला काही सांगितलेले नाही.

फोन मी आज स्वखुशीने जमा करत आहे. त्यात तो फोटो उघडा आहे, मंगळवारी चार दहाला मी केला होता तेवढाच मोठा. तो मी लहान केलेला नाही. बाईंची मुलगी अजून बाहेर बसली आहे. इथून उठल्यावर तिला हे मी स्वतः सांगणार आहे.

वरील मजकूर मला दोन वेळा वाचून दाखवण्यात आला. दुसऱ्या वेळी, फोटोत काय दिसते त्या ओळीपाशी मी वाचन थांबवले, ‘फडके दिसते’ हे शब्द खोडायला लावले आणि तिथे ‘हात दिसतो’ असे लिहून घेतले. खाडाखोडीच्या शेजारी माझी सही आहे. आता जबाब मी सांगितल्याप्रमाणे आहे आणि खरा आहे.