उंचवट्यावरचा चेंडू

नाही नाही आठल्ये, तो नव्हे — धावत येतोय तो आमचा अनिश नव्हे, तो विठू, भाट्याचा, जेटीवर बर्फाच्या गाडीवर असतो — अनिश तो तिकडे, मिड-ऑनला, पांढरी टोपी, कमरेवर हात ठेवून उभा आहे बघा. तुमची चूक नाही हो, सगळ्यांची नजर आधी विठूवरच जाते. चिपळूणहून जावई बघायला यायचं आणि बघत बसायचं भलत्यालाच! बसा, इकडे सावलीत सरका, हा कातळ दुपारचा तव्यासारखा तापतो. आणि हे घ्या, कोकम सरबत. त्यानेच केलंय सकाळी. मला स्वयंपाकघरात साखरेचा डबासुद्धा सापडत नाही, उमा गेल्यापासून सगळं तोच बघतो — असो. तर मुलांनी आपापलं ठरवलंय, तुमच्या मनस्वीने आणि याने, भेटलेत, बोललेत, आता आपण दोघा म्हाताऱ्यांनी भेटून तारीख काढायची एवढंच उरलंय. म्हटलं घरात समोरासमोर बसून पोहे चिवडण्यापेक्षा मैदानावरच या, माणूस मैदानावर खरा दिसतो. असं माझं मत. चुकीचं असेल. माझी पुष्कळ मतं चुकीची निघालीत — जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, डॉक्टरेट केली कणांच्या टकरींवर, आणि अजून एखादं वाक्य बोललो की रात्री अंथरुणात ते उलटंपालटं करून बघतो, बरोबर बोललो की नाही. उमा म्हणायची, झोपा आता, तुमचं ऐकणारे केव्हाच झोपले.

काय म्हणालात? वेग? छे हो, वेगात काही नसतं, वेग टीव्हीवर आकड्यात दाखवतात, आकडा बघून कोणाच्या अंगावर काटा येतो? गोलंदाज बघण्यासारखा कशाने होतो, सांगू? म्हणजे मला वाटतं ते सांगतो. आता हा विठू परत येईल ना, तेव्हा विठूला बघू नका, फलंदाजाचे पाय बघा. हां — निघाला — पाय बघा, पाय! दिसलं? चेंडू अजून हातातच आहे आणि मागचा पाय लेगकडे सरकला. तो माणूस अजून शूरच आहे, हनुवटी वर, बॅट ताठ, त्याला स्वतःला पत्ताच नाही, पण पायाला कळलं. भीती पहिल्यांदा पायाला कळते, मग बायकोला, शेवटी माणसाला. ते बघायला येतो मी दर रविवारी. लोक म्हणतात लय बघा, मनगट बघा, स्विंग बघा — सभ्यपणा हो तो. टाळ्या वाजवायला काहीतरी सभ्य कारण लागतं. खरं म्हणजे समोरचा घाबरलेला बघायचा असतो, आणि आपण इथे, सावलीत, सरबत पीत. तुम्हाला नाही वाटत असं? प्रामाणिकपणे सांगा. बरं, नका सांगू.

आता अनिशचं. तोही टाकतो, शेवटची ओव्हर बहुतेक त्याचीच असते. आणि तो विठूपेक्षा चांगला आहे बरं का, हे बाप म्हणून नाही सांगत, बाप म्हणून मी उलटंच सांगितलं असतं. चेंडू नाणं ठेवाल तिथे पाडतो. पण बघवत नाही हो त्याला. का? सांगतो. ते मॅटिंग दिसतंय? त्याच्या खाली नुसता कातळ आहे, सड्यावर दुसरं काय असणार, आणि माडांच्या बाजूला, गुड लेंग्थच्या थोडं मागे, वाटी पालथी घातल्यासारखा एक उंचवटा आहे. वरून कळत नाही. तिथे चेंडू पडला की सरळ गळ्याशी उठतो. विठू तो उंचवटा शोधत असतो, त्याला दहात एकदा सापडतो. आणि आमच्या अनिशला? अहो, दर रविवारी सकाळी मॅटिंग अंथरून खिळे ठोकतो कोण? तोच! डोळे मिटून हात ठेवेल त्यावर. आणि एकदा, एकदासुद्धा त्याने तिथे चेंडू टाकलेला नाही. विचारलं मी. तर काय म्हणाला, ‘बाबा, रविवारची मॅच आहे, सोमवारी सगळ्यांना कामावर जायचंय.’ ऐकलंत? असं बोलणारा माणूस गोलंदाज की सोसायटीचा सेक्रेटरी?

चांगला आहे? हो हो, चांगला आहेच, मी कुठे नाही म्हणतो. वरणभात चांगला असतो. रोज वरणभात बघायला कोणी तिकीट काढतं का? त्याच्या आईनेही हेच केलं, जन्मभर चांगली होती, आणि मी एकटाच वाईट दिसत राहिलो. चांगल्या माणसाशेजारी राहणं सोपं नाही, आठल्ये. तुमच्या मुलीला सांगा, माझ्याकडून. वाद घालायला जावं तर समोर कोणी नसतंच, तो आत जाऊन माझ्यासाठी आटवल शिजवत असतो, मऊ, वर मेतकूट, आणून ठेवतो पुढ्यात. मी म्हणतो खारट झालंय. नसतं झालेलं. तरी तो ‘बरं’ म्हणतो आणि दुसरा भात लावतो. एकदा, एकदा तरी ताट आपटून बघ की! नाही. पायसुद्धा सरकत नाही त्याचा. किंवा — किंवा कधीचाच सरकलाय आणि मला तो दिसत नाही, हे असू शकेल का? नाही, मला दिसतं. मला पाय कळतात.

राही? पालीची? तुम्हाला कोणी सांगितलं? मनस्वीला त्यानेच सांगितलं असणार, लपवायचं माहीत नाही त्याला. हो, तेही जवळजवळ ठरलं होतं. तिचे काका आले होते, इथेच बसले होते, याच दगडावर. मी काय बोललो? काहीही नाही. त्यांनी विचारलं मुलगा कसा आहे, मी म्हटलं, अजून माझ्या शब्दाबाहेर नाही. यात वाईट काय? कुठल्याही बापाने अभिमानाने सांगावं असं वाक्य. त्यांनी चष्मा पुसला, उठले आणि गेले. माणसांचं काही सांगता येत नाही.

काय? कुठली बदली? — चिपळूणला? कोणाची? — अनिशने? बँकेत अर्ज केलाय? — कधी? — नाही, मला माहीत होतं. म्हणजे, नव्हतं, पण अंदाज होता. मंजूर झाली? अस्सं. बहादूरशेख नाक्याजवळ जागा बघितली, दोघांनी मिळून. छान. लिफ्ट आहे, माझ्यासाठी? मलाही न्यायचंय? वा, मला न्यायचंय हे तुम्हाला माहीत, मनस्वीला माहीत, लिफ्टवाल्यालाही माहीत असेल. चिपळूणला पूर येतो हो. दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो. नाही, मी चिडलो नाही, माझा आवाजच तसा आहे. संध्याकाळी सांगणार होता का मला? तुमच्यासमोर? म्हणजे मला ‘नाही’ म्हणता येऊ नये म्हणून? बघा, बघा, शिकला थोडं.

ते जाऊ दे. बघा, त्याची ओव्हर आली. शेवटची. शेवटची जोडी, जिंकायला सात हवेत त्यांना. समोर तो चष्मेवाला, पोट सुटलेला — देवरुखला प्राथमिक शाळेत मास्तर आहे, अकरावा खेळाडू आला नाही म्हणून उभा केलाय. हेल्मेट कोणाचं तरी मागून घातलंय, जाळी तुटलेली, बघा कसं डुगडुगतंय. आता बघा तुमचा जावई. हां, टाकला — मऊ, पायाशी, आईने मुलाकडे टाकावा तसा. आणि हा? तसाच. चौकार! गेला! मास्तर हसतोय हो! आमच्या अनिशच्या चेंडूवर एक शाळामास्तर दात काढून हसतोय, आणि अनिशही हसतोय त्याच्याकडे बघून. बघवतं तुम्हाला? मला नाही बघवत. एक मिनिट, हा ग्लास धरा. मला उभं राहू दे —

अनिश! ए अनिश! उंचवट्यावर टाक! माझ्याकडे काय बघतोस? उंचवट्यावर, मी सांगतोय, मी! टाक!

ऐकलं त्याने. बघा, थांबला. सगळेच बघतायत इकडे, बघू देत. नाही, बसत नाही मी, तुम्ही माझा हात सोडा आठल्ये. निघाला. आता पाय बघा, मास्तरांचे पाय बघा — नाही, अनिशचे बघा, पावलं बघा कशी पडतायत, असा धावत आला नव्हता तो कधी — आता!

आह्!

बघितलंत? बघितलंत तुम्ही? वाटीवर, बरोब्बर वाटीवर! हनुवटीवर लागला, मास्तर मागे गेला तो स्टंपांवरच बसला — हिट विकेट! जिंकलो! टाळ्या का वाजवत नाही कोणी? अहो जिंकली आपली मुलं! मी एकटाच वाजवतोय का? चष्मा शोधतायत वाटतं त्याचा. रक्त आहे थोडं, तोंडाचं रक्त नेहमी जास्त दिसतं. अनिश बसलाय त्याच्याजवळ, टोपी दाबून धरलीय त्याच्या तोंडावर. पांढरी होती. तोच धुतो म्हणा. पण काय चेंडू होता! आजपर्यंत आतच होता हो त्याच्या, नुसतं कोणीतरी सांगायला हवं होतं. आता कळलं ना, गोलंदाज बघण्यासारखा कशाने होतो?

उठलात का? मास्तरांना डॉक्टरांकडे नेतील ते, तुमची गाडी कशाला — नेताय? बरं. मग परत या, चहा राहिलाय, तारीख राहिलीय. नाही येत? घरी जाऊन मनस्वीशी बोलता? काय बोलणार? मुलगा चांगला आहे म्हणालात ना मघाशी, आता काय झालं? — हो, मी सांगितलं म्हणूनच टाकला. ऐकतो तो माझं. मी तेच तर सांगतोय मघापासून, ऐकतो तो माझं! छत्तीस वर्षांचा झाला तरी — यात वाईट काय आहे? आठल्ये, असे बघू नका माझ्याकडे. मी मुद्दाम नाही केलं. मुद्दाम केलं असतं तर मला कळलं नसतं का?

तो इकडेच येतोय. नको, तुम्ही नका बोलू त्याच्याशी, तुम्ही गाडी काढा. मी सांगतो त्याला. राहीच्या वेळीही मीच सांगितलं होतं, पत्रिका जुळली नाही म्हणून. तुमचं सांगेन, समोर बसून शेवटचा चेंडू बघितला आणि उठून गेले. खोटं कुठे आहे यात? जा तुम्ही. आणि तो ग्लास ठेवा खाली, घरचा आहे.