फोनातला वारा नको

माझं माहेर वेंगुर्ल्याचं, सासर देवगडचं, म्हंजे दोन्हीकडं दारात समुद्र, पण खरं सांगू का, मला त्याचं वेड कधी नव्हतंच, मी आपली घरकोंबडी. नर्सिंग केलं, कुवेतला लागले, वॉर्डात कायम एसी, दारं बंद, मला तेच बरं वाटायचं. आणि गाठ पडली ती ह्यांच्याशी. आमचे हे टगबोटीवर सारंग, म्हंजे बोट हाकणारे मुख्य, होते. टग म्हंजे लहानशी दांडगी बोट असते हो, तेलाची ही मोठी जहाजं ओढून-ढकलून धक्क्याला लावते ती.

दिवसभर पाण्यावर राहिलेला माणूस घरी आला की चार घटका बसेल, तर कसलं काय. बनेद अल-गारला आमची दोन खोल्यांची जागा, त्यात ह्यांचा जीवच रमायचा नाही. चहा झाला की सुरू, चल गो भायर, घरात बसान काय करू. थंडीत वाळवंटात तंबू लागतात ना इथं, बोटीवरच्या एका कुवेती दोस्ताचा तंबू होता, तिथं न्यायचे आम्हाला. लाकडं पेटवून पेज शिजवायचे, आणि मी नाकाला ओढणी लावून गाडीत. निनाद, आमचा मुलगा, तोही माझ्याच बाजूला, बाबा मालवणीत विचारणार आणि हा इंग्रजीत उत्तर देणार, इट्स टू कोल्ड बाबा. हे नुसते हसायचे. कधी चिडले नाहीत त्यावरून, चिडायची ती मीच.

आणि काय सांगू तुम्हाला, सकाळी डोळा उघडला की पहिला प्रश्न, वारो खयचो गो? म्हंजे वारा कुठला. आधी वारा, मग देव, मग चहा. उत्तरेचा असला तर शमाल, दमट दक्षिणेकडचा असला तर कौस, ही नावं इथल्या म्हाताऱ्या नाखव्यांकडून शिकलेले. मी दोरीवरच्या कपड्यांकडं बघून काहीतरी ठोकून द्यायची. ह्यांना आपलं कळायचंच, तरी रोज विचारायचे.

ह्यांची नोकरी संपली आणि वर्षभरात फुफ्फुसं धरली. ऑक्सिजनची नळी लावल्याशिवाय श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले धूळ नको, गारवा नको, खिडक्या बंद ठेवा. मी नर्स, मी काय वेगळं सांगणार? फटींना पट्ट्या लावल्या मी माझ्या हातानं. हे पडल्या पडल्या विचारायचे, वारो खयचो? मी फोनवर हवामान बघून सांगायची, वायव्येचा. एक दिवस तोंड भिंतीकडं फिरवलं आणि म्हणाले, फोनातलो वारो माका नको, आंगार घे नि सांग, अंगावर घेऊन म्हंजे. मग जेवणही टाकलं. तेव्हा मात्र मला रडू आलं, पेशंट जेवण टाकतो तेव्हा पुढं काय असतं ते मी जन्मभर बघितलेलं.

मग पाऊस पडला. इथं थंडीत पडतो थोडा, पडला की धूळ बसते. मी निनादला फोन केला, नोकरीला लागल्यापासून तो इथंच वेगळा राहतो, म्हटलं उद्या बाबांना वाळवंटात न्यायचं. तो म्हणाला, आई, आर यू मॅड, एक इन्फेक्शन झालं तर संपलं सगळं. म्हटलं, माहितीये मला, तुझ्यापेक्षा जास्त माहितीये, पण ते आतच संपतायत रे. त्यानं फोन ठेवला. मी आमच्या बिल्डिंगच्या हारिसला, राखणदाराला म्हंजे, चाकाची खुर्ची खाली न्यायला बोलावलं, टॅक्सी सांगितली. खाली येऊन बघते तर निनाद गाडी घेऊन उभा. सिलिंडर उचलून आत ठेवला.

वाळूवर हिरवी लव आली होती, इतकी बारीक की लांबून दिसणारसुद्धा नाही. ह्यांनी चपला काढायला लावल्या, पाय टेकले, तोंड वाऱ्याकडं करून बसले. मग निनादला म्हणाले, बोट ओला कर झिला, वर धर, थंड लागता ती वाऱ्याची बाजू. एवढा घोडा झालेला इंजिनियर, बोट वर धरून उभा. हे म्हणाले, सांजेक फिरतलो बघ. आणि फिरला हो वारा संध्याकाळी, घरी येऊन बघितलं मी. त्या दिवशी दोन वेळा पेज मागून खाल्ली.

तिसऱ्या दिवशी ताप भरला. त्यातून उठले नाहीत. देवगडला नेलं आम्ही, अग्नी तिथंच दिला.

निनादनं मला दोष दिला असं नाही म्हणणार मी, पण बोलणं तुटलं. फोन करायचा तो औषध घेतलंस का, जेवलीस का, एवढंच. मलाही वाटतं कधी, नसतं नेलं तर महिनाभर राहिले असते, कदाचित. पण तो महिना भिंतीकडं तोंड करून गेला असता. परत वेळ आली तर परत नेईन मी.

आता मी एकटीच. नोकरी आहे तोवर इथं. पट्ट्या काढून टाकल्या, सकाळी गॅलरीत उभी राहते, मी घरकोंबडी. गेल्या आठवड्यात निनादचा फोन आला, कामावर निघालेला, मी म्हटलं घेतलं रे औषध. तो म्हणाला, आई, वारो खयचो आज?

जन्मात पहिल्यांदा बोलला तो मालवणी. मी फोन तसाच चालू ठेवला, बोट ओलं करून बाहेर धरलं, परत येऊन सांगितलं, शमाल आहे बाळा, थंडी वाढेल, स्वेटर घालून जा. रोज विचारतो आता. देव त्याला सुखात ठेवो, आणि तुम्हालाही कोणीतरी असं विचारणारं मिळो.