झाकण बंद आहे असे सांगणारी तार

दिनांक १३/११/२०२५, गुरुवार.

हा जबाब द्यायला मला उशीर झाला आहे. अपघातानंतरचे सगळे दिवस मी गप्प राहिले, त्याबद्दल सुरुवातीलाच माफी मागते. ती नेमकी कोणाकडे मागायची हे मला ठरवता आलेले नाही, तरी ती नोंदवून घ्यावी.

मी, विजयश्री भास्कर ढोबळे, वय ४३ वर्षे, शिक्षण बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स, धंदा नोकरी (ताथवडे येथील एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक), राहणार दिघी, मूळ राहणार तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणी न बोलावता, सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझा सख्खा धाकटा भाऊ ज्ञानेश असे दोघेच राहतो. आई-वडील हयात नाहीत. ज्ञानेश आयटीआय इलेक्ट्रिशियन असून चाकण औद्योगिक क्षेत्रातील एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे. तेथे पॉवर प्रेसवर गाड्यांचे पत्र्याचे भाग काढतात. दिनांक ३ नोव्हेंबर रोजी त्या कंपनीत सादिका या कामगार महिलेच्या उजव्या हाताची चार बोटे प्रेसखाली गेली. त्या प्रकरणाचा तपास या ठाण्यात चालू आहे. माझा जबाब त्यासंबंधी आहे, पण मुख्यतः त्याच कंपनीतल्या दुसऱ्या प्रेससंबंधी आहे. त्या प्रेसवर अजून काही झालेले नाही.

मी आधी आमच्या गेमच्या छंदाबद्दल सांगू लागले तेव्हा जबाब घेणारे सहायक फौजदार अण्णासाहेब म्हणाले, "ताई, गेमचं राहू द्या, बोटांचं बोला." परंतु गेमचे सांगितल्याशिवाय मला बोटांचे सांगता येत नाही.

टीव्हीला जोडून सीडीवर चालणारे जुने गेम भंगारात मिळतात. त्यातला मदरबोर्ड वहीएवढा असतो. तो कापून तळहाताएवढा करायचा आणि त्याला छोटी स्क्रीन, बॅटरी व बटणे जोडायची, म्हणजे तोच गेम हातात धरून खेळता येतो. ज्ञानेश आणि मी गेली काही वर्षे हे काम घरी हौसेने करतो. न लागणारा भाग आधी पेनने आखून घ्यायचा, छोट्या ग्राइंडरने कापायचा, मग कड पॉलिश पेपरने घासायची, कारण कडेला तांब्याचे थर एकमेकांना चिकटले तर बोर्ड मरतो. तुटलेल्या जोडण्या केसासारख्या बारीक तारेने पुन्हा जोडायच्या आणि चालू करून बघायचे. चालला, तर कापलेला भाग लागत नव्हता असे समजून पुढचा तुकडा कापायचा.

यात एक जोडणी वेगळी आहे. मूळ गेमला सीडीचे झाकण असते आणि ते उघडे असेल तर बोर्ड काम थांबवतो. आपण झाकणच काढून टाकलेले असते, म्हणून झाकणाच्या स्विचची दोन टोके तारेने कायमची जोडतात. त्यानंतर झाकण बंद आहे असेच बोर्डाला सतत वाटत राहते. ही जोडणी ज्ञानेशला मी दाखवली. तो म्हणाला होता, "तायडे, बोर्ड लई भोळा असतो. सांगू ते ऐकतो." मी हसले होते.

दसऱ्याच्या सुमारास ज्ञानेशने असा एक गेम कंपनीत नेला. जेवणाच्या सुट्टीत प्रॉडक्शन मॅनेजर मारुतराव यांनी तो खेळून पाहिला. त्यांचे बोलणे ज्ञानेशने मला घरी आल्यावर कौतुकाने सांगितले, ते असे : "अर्धा बोर्ड कापून टाकला तरी चालतंय? मग आमच्या कर्टनचंही ऑपरेशन कर की भावा."

कर्टन म्हणजे प्रेसच्या तोंडाशी दोन खांब असतात व त्यांच्यामध्ये न दिसणाऱ्या प्रकाशाच्या रेषा असतात. कामगाराचा हात आत गेला की रेषा तुटते आणि प्रेस जागच्या जागी थांबते. तेलाचे शिंतोडे उडून दोन प्रेसच्या कर्टनच्या रेषा विनाकारण तुटत होत्या, त्यामुळे त्या प्रेस सारख्या थांबत होत्या. कर्टनची नवी कार्डे, म्हणजे ते चालवणारे छोटे बोर्ड, परदेशातून यायची होती. दिवाळीपूर्वीचा माल द्यायचा होता.

त्यानंतर ज्ञानेश दोन कार्डे घरी घेऊन आला. आमच्या टेबलावर, आमच्याच ग्राइंडरने त्याने ती कापली आणि तार जोडली. भिंगाचा दिवा मी धरला होता. कार्डे दोन होती. मी दोन्ही माझ्या डोळ्यांनी पाहिली. गेमच्या झाकणाची तीच जोडणी मला त्यांत ओळखू आली. ही कार्डे कशाची आहेत हे मी त्याला विचारले नाही. का विचारले नाही, असे अण्णासाहेबांनी विचारले असता सांगते की, मला वाटते मला ते कळले होते. "वाटते" हा शब्द काढू नये अशी माझी विनंती आहे, कारण मी हे स्वतःला अनेकदा विचारून पाहिले आहे आणि याहून पक्के उत्तर माझ्याकडे नाही.

दिनांक ३ रोजी पहिल्या शिफ्टला सादिकाच्या प्रेसमध्ये पत्र्याचा तुकडा अडकला. तो काढायला तिने हात घातला. हात घातला की प्रेस थांबते, हे ती कामाला लागल्यापासून पाहत आली होती. कार्ड आपोआप खराब झाले असे कंपनीने पोलिसांना सांगितले व ते कार्ड काढून टाकले. ज्ञानेश त्या दिवसापासून चमच्याने जेवतो. याचा तपासाशी संबंध नाही असे अण्णासाहेबांचे म्हणणे पडले. तरी नोंदवते.

रविवारी मारुतराव आमच्या घरी आले. सोबत पेढे होते. ते मला म्हणाले, "ताई, पोराच्या हातात कसब आहे, त्याला जपा. कार्ड एकच होतं, ते गेलं. सादिकाच्या दवाखान्याचं कंपनी बघतीय." दुसऱ्या कार्डाचे काय, असे मी विचारले. त्यावर ते हसून ज्ञानेशकडे वळले. "ज्ञानेशराव, तुमची बहीण मास्तरीण शोभते बरं का. अहो ताई, जे झालंच नाही त्याची फिर्याद कोण घेतं?" जाताना त्यांनी ज्ञानेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. पेढे आम्ही उघडले नाहीत.

ते गेल्यावर ज्ञानेशने मला सांगितले की, दुसरे कार्ड टूलरूमशेजारच्या प्रेसवर आहे व तेथे पहिल्या शिफ्टला दीपमाला नावाच्या बाई काम करतात. त्या मूळच्या बीड जिल्ह्यातल्या. त्यांचा नंबर मी ज्ञानेशकडून घेतला आणि मंगळवारी, त्यांची शिफ्ट सुटल्यावर, फोन केला. बोलणे आठवते तसे देते.

मी : प्रेस कशी चालते सध्या?

दीपमाला : लई गुमान चालतीय ताई. आदी सारकी थांबायची, सायब बोलायचे. आता कुणी बोलत न्हाई.

मी : तुम्ही आत हात घालता का?

दीपमाला : अडकलं तर घालावाच लागतोय की. थांबती ना ती.

मी : ती आता थांबणार नाही. तिचं कार्ड कापलेलं आहे.

दीपमाला : सादिकाचं खराब होतं ताई. माज्या मशीनचा हिरवा दिवा लागतोय. मी रोज दिवा बगून मगच हात घालते.

दिवा आता कायमच लागणार, हे मी त्यांना दोन प्रकारे समजावून सांगितले. त्यांना ते पटले असे मला वाटत नाही. मग मी त्यांना रजा घ्यायला सांगितले. त्या म्हणाल्या, "रजा घेतली तर माज्या जागी दुसरी बसंल. मशीन का रिकामी ठिवणारेत? उगं कुणाला बोलू नका ताई, मला काडून टाकतील." आणि फोन ठेवला.

आज गुरुवार असल्याने कंपनीला सुट्टी आहे. दुसरे कार्ड गुपचूप काढून आणतो म्हणून ज्ञानेश सकाळी तिकडे गेला. मारुतरावांच्या हुकमाशिवाय सुट्टीच्या दिवशी मेंटेनन्सला आत सोडायचे नाही, असे सांगून वॉचमनने त्याला गेटवरून परत पाठवले. तो घरी येऊन मला म्हणाला, "पुढच्या गुरुवारी काढतो, तायडे. तोवर तू एकच म्हण. दोन म्हणालीस तर ते माझ्यावर ढकलून मोकळे होतील." भाजी आणायला जाते असे सांगून घराबाहेर पडले आणि येथे आले. मी कोठे आहे हे त्याला माहीत नाही. हे लिहून होईपर्यंत त्याचे तीन फोन आले, ते मी घेतले नाहीत.

टूलरूमशेजारची प्रेस उद्या सकाळी सातला पहिल्या शिफ्टबरोबर सुरू होईल. ती त्याआधी बंद करावी, अशी माझी मागणी आहे. खात्री करणे सोपे आहे. प्रेसच्या तोंडाशी हाताऐवजी लाकडी काठी धरावी. प्रेस थांबली नाही, म्हणजे कार्ड कापलेले आहे.

यावर अण्णासाहेब म्हणाले, "काठी घालायला आधी मशीनपाशी जावं लागतं. कंपनी म्हणणार, एकच होतं. कार्ड मशीनला बसवताना तुम्ही पाहिलं का?"

पाहिले नाही, असे सांगितले.

"मग ज्यानं बसवलं, तो माझ्यासमोर बोलला पाहिजे. तो बोलला तर शिफ्टच्या आधी गाडी घेऊन जातो आणि मशीन सील करतो. तुमच्या ऐकीव गोष्टीवर मला गेटावर उभं करतील ते, त्याला केलं तसं." मग त्यांनी विचारले, "भाऊ आत जाईल. कळतंय ना?"

कळते, असे सांगितले.

तो स्वतः येईल का, असे विचारले असता, माहीत नाही असे सांगितले. तुम्ही सांगितले तर येईल का, असे विचारले असता सांगते की, येईल. लहानपणापासून मी सांगितले आणि तो आला नाही, असे झालेले नाही.

एवढाच माझा जबाब आहे. तो अण्णासाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, मी शेवटपर्यंत ऐकला व तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. यात माझ्या भावाविरुद्ध जे आहे, तेही माझ्याच सांगण्याप्रमाणे आहे. कोणीही मला असे बोलण्यास भाग पाडलेले नाही.

सही/-
विजयश्री भास्कर ढोबळे

उद्या मी काय करणार ते अण्णासाहेबांनी लिहून द्यायला सांगितले म्हणून सहीखाली लिहिते :

पहाटे पाचला ज्ञानेशला उठवून येथे घेऊन येणे.