ठसा सरकलेलं नाणं

मंडळी, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. जे आपल्याकडं सरळ मार्गानं आलं, हक्कानं आलं, ते ठेवून घेण्यात पाप असतं का? बघा, लगेच माना हलल्या — नाही म्हणून! माझीही हलली असती. ऐका तर मग.

पिंपळोशी नावाचं गाव. तिथं श्रीपती घाडगे यांची पिठाची गिरणी. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. मापाला चोख, बोलायला गोड. नाद एकच — नाणी! दळणाच्या चिल्लरीत एखादं जुन्या सालाचं यायचं, एखादं टाकसाळीत चुकून वाकडं छापलेलं. तात्या रोज गल्ला पालथा करायचे, भिंग लावायचे, वेगळं दिसेल ते अल्बमात ठेवायचे. घरातले देव चार-चार दिवस बिनआंघोळीचे, पण अल्बम रोज पुसायचा! हसू नका. आपण मोबाइल दिवसातनं कितीदा पुसतो?

एके सकाळी अनसूयाबाई दळण घेऊन आल्या. त्यांचे मालक केरबा एसटीत कंडक्टर होते, सहा वर्षांपूर्वी गेले. बाईंची नजर अधू. चाचपून चाचपून बटव्यातली चिल्लर दिली, डबा उचलला, गेल्या. तात्यांनी पैसे तळहातावर पसरले — आणि हात तसाच राहिला. दोन रुपयांचं नाणं. पण त्यावरचं सिंहाचं चित्र घसरून एका कडेला गेलेलं, उरलेला भाग नुसता सपाट! वीस वर्षं असं नाणं त्यांनी फक्त पुस्तकात बघितलं होतं.

आता सांगा, चोरी झाली का? बाईंनी आपल्या हातानं दिलं. यांनी दळून दिलं. नाणं अल्बमात गेलं.

दोन दिवसांनी दळणाला आलेल्या बायका बोलत होत्या. ते नाणं केरबांना तिकिटाच्या बॅगेत सापडलेलं. त्यांनी हसत हसत बायकोला दिलेलं. बाईंनी ते बटव्यात वेगळं, चिंधीत बांधून जपलेलं. चिंधी सुटली कधी, त्यांना कळलंच नाही. नाणं दिसेना म्हटल्यावर संशय सुनेवर! घरात दुसरं होतंच कोण? मुलगा कारखान्यावर पाळीला गेलेला. सासूनं सुनेची, प्रणिताची, ट्रंक ओट्यावर आणून उघडली. एकेक लुगडं झाडून बघितलं. दारात अकरा बायका उभ्या होत्या.

तात्यांनी सगळं ऐकलं. जिभेवर आलं होतं, "अहो, ते माझ्याकडं आहे." पण मग नाणं परत द्यावं लागलं असतं. त्यांनी चक्कीत धान्य ओतलं. गिरणीच्या आवाजात बोलणं बुडालं.

दुसऱ्या दिवशी प्रणिता स्वतः आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "तात्या, आत्यांनी चुकून तुम्हाला दिलं असंल का? एकदा गल्ला बघता?"

मंडळी, इथं तात्यांनी काय केलं ते सांगायची मला लाज वाटते. त्यांनी गल्ला उपसून दाखवला! सगळी चिल्लर पोत्यावर ओतली. अल्बम तिच्या डोक्यावरच्या फळीवर. ती पोर एकेक नाणं उलटं-पालटं करून बघत बसली. दोन खाली सांडली, ती तिनं वाकून उचलली, पीठ पुसून गल्ल्यात टाकली. "तुम्हाला उगीच त्रास दिला," म्हणाली आणि निघाली. संध्याकाळच्या गाडीनं माहेरी गेली.

पुढं महिन्याभरानं सांगलीचा एक जाणकार नाणं बघायला आला. तीस हजार देतो म्हणाला. तात्यांनी विकायचं नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, हरकत नाही, पण कुठून मिळालं ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा, जाणकार तेच आधी विचारतात. तो गेल्यावर तात्या चिठ्ठी लिहायला बसले. 'अनसूयाबाई' एवढं लिहिलं. पुढं हात चालेना.

ते उठले आणि नाणं घेऊन थेट बाईंच्या घरी गेले. सगळं सांगितलं, गल्ला उपसला तेही. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी ओट्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मला देऊ नका. जिची ट्रंक मी उघडली, तिच्या हातात द्या."

दोघं प्रणिताच्या माहेरी गेली. ती अंगणात शेंगा फोडत होती. तात्यांनी नाणं पुढं धरलं. तिनं घेतलं नाही. शांतपणे म्हणाली, "नाणं सापडलं, बरं झालं. पण माझं नाव अकरा जणींच्या तोंडी आहे. ते कसं परत आणणार?"

त्या वर्षी पिंपळोशीच्या सप्ताहात माझं कीर्तन होतं. तात्या आधी मला भेटले. दोन मिनिटं सगळ्यांसमोर बोलायचं म्हणाले. आणि मी काय म्हणालो? "कशाला तात्या, झालं गेलं." का? कारण सप्ताहाच्या पंगतीचं पीठ त्यांच्याकडून आलं होतं. देणगीदाराची शोभा व्हायला नको! मंडळी, ही माझी अक्कल. गळ्यात वीणा, आणि ही अक्कल.

त्यांनी ऐकलं नाही. टोपी काढून उभे राहिले, सगळं बोलले. मी मान खाली घालून चिपळ्यांकडं बघत होतो.

प्रणिता परत आली, पण लगेच नाही, दिवाळी झाल्यावर. सासूशी बोलते, घर सांभाळते. दळण मात्र शेजारच्या गावी नेते, डोक्यावर डबा घेऊन अडीच मैल. तात्या तिला रस्त्यानं जाताना बघतात. हाक मारत नाहीत. तेवढा हक्क उरला नाही, हे त्यांना कळतं.

तर नाणं हक्काचं होतं, मंडळी. गप्प बसणं हक्काचं नव्हतं. आता माझ्याकडं बघू नका, आपल्याकडं बघा. आपल्या एका वाक्यानं कुणाची मान वर झाली असती, आणि आपण ते वाक्य गिळलं, असं कधी घडलं? तो माणूस अजून आहे का? असला तर उद्या सकाळी त्याच्या दारात जा. क्षमा मिळेलच असं नाही. तरी जा.

आज गजर मोठ्यानं नको. टाळ खाली ठेवा. ज्याला तोंड दाखवायचं आहे त्याचं नाव मनात घ्या, आणि मग हळू आवाजात माझ्याबरोबर म्हणा — विठ्ठल, विठ्ठल.