नांदवत नाही अन् सोडतबी नाही

माहं माहेर पातुराकडचं. डोंगराच्या बुडाशी आमचं वावर होतं, मुरमाड, हलकं, ज्वारी झाली तं झाली. माय मी रांगत होती तवाच गेली, मंग बापबी गेला, मले वाढवलं माह्या भावानं, किसनदादानं. कुनब्याची पोर मी, मले काय शिकवनार, निंदन शिकवलं, कनसं खुडाले शिकवलं, अन् दुधाचे दात पडत होते तवा लगन लावून देलं. सासर मूर्तिजापुराकडे, काळ्या जमिनीत. काय सांगू तुमाले मास्तर, त्या जमिनीची मले लय नवलाई, पानी पडलं का पायाले मनभर माती चिकटून येई, वावरातून घरी आली का सासू म्हने, पाय धू, अर्धं वावर घरात घेऊन आली तू.

पोरीच्या बापाचं नाव मी घेत नाही. फारकत झाली, मानूस मरूनबी गेला, पन जिभेले सवयच नाही, म्हनून पोरीचा बाप म्हनते, तुमी तसंच लिहा. तो पयले काही वाईट नव्हता. खोटं कावून बोलू. नांगरासंग राबे, भाकर खाये, गुमान झोपे. कासी झाली तवा पोरगी झाली म्हनून तोंड वाकडं केलं नाही त्यानं, उलट बाजारातून गूळ घेऊन आला होता.

मंग ते कापसाची तेजी आली. साता समुद्रापल्याड कोन्या मुलखात लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला, म्हनून इंग्रजाच्या गिरन्यायले आमचा वऱ्हाडचा कापूस पायजे, असं लोक सांगत. खरं खोटं मले काय मालूम. मले एवढंच मालूम का ज्या वावरात ज्वारी पेरत होतो त्या वावरात कापसाची पऱ्हाटी आली, अंगनाच्या कुडापर्यंत पऱ्हाटीच पऱ्हाटी, अन् खायाची ज्वारी बाजारातून आनाची पाळी आली. ज्यायच्या घरी धड घोंगडी नव्हती त्यायच्या बैलायच्या गळ्यात चांदीच्या घंट्या आल्या. लोक म्हनत, लक्ष्मी आली. आली खरी, पन माह्या घरी ते सवत होऊन आली.

म्हंजे असं झालं का पोरीचा बाप कापसाची बंडी घेऊन अमरावतीले जाये. पयले आठवड्यानं परत ये, मंग पंधरवड्यानं, मंग एका अडत्याच्या हाताखाली तथीच राहिला. लाल पागोटं आलं, नक्षीचे जोडे आले. अन् एक दिवस गावच्या बंडीवाल्यानं सांगतलं, पुंजे, तुह्या मानसानं तथी एका रांडमुंड बाईसंग पाट लावला, तिचंच घर आहे, तिच्याच घरात राहून राहिला. मी सासूले इचारलं, आत्याबाई, हे खरं का? सासू म्हने, मरदाची जात, दोन काय अन् चार काय, तू कापूस वेच.

अन् खरी गोष्ट तेच होती, मास्तर. कापूस वेचाले मानूस भेटे नाही. तवा आगगाडीचा रस्ता बनून राहिला होता, सारे गडी-बाया मातीच्या कामाले जात, तथी मजुरी जास्त. वावरात बोंडं फुटून पांढरं पडलं अन् वेचाले कोन? मी. सकाळी दव असते तवापासून कापूस टाकाले लुगड्याची ओटी बांधून उभी, कंबर मोडून जाये. तो हंगामात ये, गठान बांधून ने, माह्याकडे पाहे बी नाही. नांदवत नाही, सोडत नाही. बैलाले तरी दावं असते, त्याले मालूम असते का आपन कोनाच्या खुट्याले आहो.

तरीबी मी राहिली असती. बायाच राहत, मी काय वेगळी. पन एका हंगामात मले ताप भरला, मी घरात पडली, अन् दिवस मावळता कासी घरी आली तं तिचे हात पाठीमागं. म्हनलं, दाखव. दाखवे नाही. पान्यात घातले तं लेकरू किंचाळलं. वाळल्या बोंडाचं टोक कसं असते तुमाले मालूम आहे ना? सुईवानी. लेकराचे दाही बोटं फाटले होते. पाचाच्या आत-बाहेर असन ते तवा. सासूनं तिले ओटी बांधून ओळीत उभी केली होती. भांडाले अंगात त्रानच नव्हतं. ताप उतरला, पोरीले कडेवर घेतलं, अन् वाटेच्या बंडीत बसून भावाकडे आली.

पोरीचा बाप आला मांगून. संग गावचा पाटील घेऊन आला. म्हने, माही बायको दे. किसनदादा हात जोडून उभा, गरीब मानूस. मीच बाहेर आली. म्हनलं, तुले दुसरी आहे, मले फारकत दे, मी माही सुटली, तू तुहा सुटला. तो हासला. कसा हासला सांगू, जसं मी बैल सोडून दे म्हनलं. म्हने, फारकत? अन् कापूस कोन वेचीन? जाता जाता दादाले म्हने, कचेरीत खेचतो तुले.

त्या कचेरीच्या भेवानं आमी वकील शोधाले निंघालो. आता तुमी हासान, पन आमाले वकील म्हंजे काय हेच मालूम नव्हतं, दादाले वाटे का तो सायबाचा शिपाई असते. अमरावतीले गेलो. कचेरीपुढे लिंबाखाली अर्ज लिहिनारे बसलेले. एकानं इचारलं, नवरा मारते का? म्हनलं, दोनदा मारलं. तो म्हने, दोनदानं काय होते, तापल्या सळईनं डागलं असं लिहितो. म्हनलं, डागलं नाही तं कसं लिहिता? तो म्हने, मंग घरी जाय. दादानं मंग एक मोठा वकील गाठला, लाकडी तक्तपोसावर लोडाले टेकून बसे, अर्धं बोलनं उर्दू. माह्याकडे पाहेच नाही, सारं दादासंग. हो जायेगा, मुकदमा दाखल करेंगे, पुढच्या बाजारी या. पुढच्या बाजारी गेलो तं पायरीवर जोडे होते, नक्षीचे. मी त्या जोड्यायले तेल लावलं होतं मास्तर, मले दुरूनच ओळखू आले. पोरीचा बाप आत बसला होता, त्याच लोडापाशी. दादाचा हात धरला अन् तशीच परत फिरली.

घरी आली तं भावजय म्हने, वन्सं, पुरे आता, नशिबाचं आहे. तिचंबी बरोबर होतं, तिच्या लेकरायच्या तोंडचं आमी दोघी खाऊन राहिलो होतो. पन दादाले कोनतरी सांगतलं का अकोल्यात एक म्हातारे वकील आहेत, बामन, बोलाले तिखट, पन दोनीकडून खात नाहीत. तथी गेलो. त्यायच्या बायकोनं आमाले ओसरीवर बसवलं, वरून का होईना पन पानी ओतलं ओंजळीत, अन् पोरीले केळं देलं. वकील आले अन् दादाले म्हने, तू गप्प बैस, हिला बोलू दे. तवा पयल्यांदा मले कोनी इचारलं का बाई, तुला काय हवं? बोलासाठीच तं आली होती, अन् रडूच आलं.

त्यायनं सारं ऐकून घेतलं. मंग म्हने, हे बघ बाई, कचेरी तुझं लग्न मोडणार नाही. तुमच्या जातीत काडीमोड आहे, पाट आहे, ते काम तुमच्या पंचांचं. पंचांपुढे नवऱ्यानं काडी मोडली, कागद झाला, साक्षी झाल्या, की मग कचेरी तो कागद मानते. तोवर तू त्याची बायको. त्यानं अर्ज दिला तर कचेरी तुला परत पाठवील. आणि त्याआधी कुणाशी पाट लावलास तर तो माणूस कैदेत जाईल, हा इंग्रजाचा कायदा आहे. मी इचारलं, अन् पोरगी? म्हने, मूल बापाचं. मी उठली. म्हनलं, चाल दादा. ते ओरडले माह्यावर, म्हने, बस खाली, कायदा सांगितला, अजून वाट सांगितलेली नाही.

वाट अशी सांगतली का पंच बसले का फारकत मांगू नको. उलट म्हन का मी नांदाले तयार आहे, पन जथी हा राहते तथी मले ने. मले तवा समजलंच नाही. घरी येता येता बंडीत समजलं, अन् लय दिवसायनं मले हासू आलं.

पंच बसले सासरच्या गावात, मारुतीच्या पारावर. वकील काही आमच्या जातीच्या पंचात येत नाहीत, मी एकलीच, पदर कपाळापर्यंत. म्होरक्या म्हातारा इचारे, बाई, कावून घर सोडलं? म्हनलं, बाबा, मी कुठी सोडलं, मी नांदाले तयार आहे, धन्याचं घर अमरावतीले आहे, मले तथी घेऊन चाल म्हना. पोरीच्या बापाचं तोंड उतरलं. घर त्या बाईचं, ते याच्या बायकोले उंबऱ्यात उभी करीन का? लोक हासाले लागले. म्हातारा म्हने, बोल गड्या, नांदवतो का सोडतो? तो लय येळ पागोटं सावरत बसला अन् मंग म्हने, सोडतो. पन पोरगी माही. ते इथीच राहीन, माह्या मायजवळ.

सारे माह्याकडे पाहाले लागले. हे वकिलानं सांगतलं नव्हतं, म्हंजे सांगतलं होतं, मूल बापाचं. कासी दादाच्या मांडीवर बसून होती, तिचे बोटं भरून आले होते पन वन दिसत. मी म्हनलं, मंग मले फारकत नको. मी इथीच राहते. दादा म्हने, पुंजे, याड लागलं का? मी म्हनलं, पंचायनं एवढं सांगा का पोरगी कापूस वेचनार नाही. सासूनं हो म्हनलं. पाळलं का? माही नजर होती तवा पाळलं.

अन् मी परत ओटी बांधली. किती हंगाम गेले ते इचारू नका, एकसारखे दिवस, वेगळे करता येत नाहीत. सुटाले गेलेली बाई परत येऊन आपल्या हातानं बांधून घेते, गावातल्या बाया पानोठ्यावर माह्याकडे पाहून घागरी उचलत.

मंग भाव पडला. ते लढाई म्हने खतम झाली. एका सालाले कापूस दारात पडून राहिला, कोनी इचारे नाही. घंट्या बैलायच्या गळ्यातून निंघाल्या. पोरीचा बाप अमरावतीहून आला, पागोटं तेच पन इटलेलं. त्या बाईले दिवस गेले होते, अडत्याचा धंदा बसला होता, अन् इथी आमचे दोन तोंडं खाले. ओसरीवर बसून म्हने, तुले फारकत पायजे होती ना, घेऊन घे. पोरगीबी ने. एवढंच. वकील झाले, पंच झाले, त्यायच्यानं जे झालं नाही ते भावानं केलं, माह्या भावानं नाही, कापसाच्या. मी त्या दिवशी खूश व्हाले पायजे होतं. मी नुसती भिंतीले टेकून बसली.

पंचायपुढे त्यानं पऱ्हाटीची काडी मोडली. कडाकन मोडली नाही, वली होती, पिरगाळा लागली. कुळकर्न्यानं कागद लिहिला, अंगठे झाले. दादा म्हने, झालं. म्हनलं, नाही, अकोल्याले दाखव. वकिलायनं वाचला अन् म्हने, हा अर्धाच आहे, मुलीचं नाव कुठे यात? उद्या तिच्या लग्नाच्या वेळी तो उभा राहील. परत गेलो. आता तो म्हने, दुसरा अंगठा फुकट नाही, पायातले वाळे दे. मायच्या आठवनीचे चांदीचे वाळे होते. देले. पोरीवर हक्क नाही असं लिहून घेतलं, कचेरीत नोंद केली. वकिलायनं त्यायची फी घेतली, सोडली नाही, पन कागद माह्या हातात देला, दादाच्या नाही. म्हने, हा तुझा.

निंघतानी सासू चुलीकडे तोंड करून बसली होती. मले वाटलं बोलत नाही. उंबऱ्यापाशी आली तं मांगून आवाज आला, पोरीच्या डोक्यात तेल घालत जाय, केस लवकर गुततात तिचे.

लोकायनं इचारलं, मंग पाट कावून नाही लावला? मांगनं आलं होतं, पातुरातला एक बिजवर, चांगला मानूस. पन मी थकली होती मास्तर. सुटाले एवढा जीव गेला का परत कोनाच्या घरी जाऊन बसाची ताकतच राहिली नाही. मजुरी केली, पोरीले वाढवलं, अकोल्यात देली, मंग जावयानं मलेबी इथी आनलं. पोरीचा बाप मेल्याची खबर आली तवा कासीनं आंघोळ केली. मले काय सुतक, फारकत झालेली. पन त्या दिवशी भाकर तोंडात गेली नाही. कावून ते मले नका इचारू.

आता या ओसरीवर बसते, वाती वळते. कधी कोनी बाई येते, कोनीतरी सांगतलेलं असते तिले का पुंजाबाईनं फारकत घेतली होती. मी म्हनते, माय, पयले जेव. मंग सांगते, पंच कोनते, साक्षी कोनते, लेकराचं नाव पयल्याच कागदात घाल. काही जातात, काही रडून परत घरी जातात, मी कोनाले काही म्हनत नाही. तुमाले लेक आहे ना मास्तर? सुखी राहो. ज्यायले नांदायचं त्यायचं नांदनं होवो, अन् ज्यायले निंघायचं आहे त्यायची वाट माह्याहून आखूड असो. बस, आता लिहिनं थांबवा, कंबर दुखून राहिली.