सतराव्यातला तुकडा

...आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, काहीच करायचं नाही! रक्ताचा कॅन्सर, आणि करायचं काय? काही नाही! तुम्हाला सांगते, साधं पित्त झालं तरी गोळी देतात हो, आणि इथं... "सावकाश वाढणारा आहे, नुसतं लक्ष ठेवू या." लक्ष ठेवू या! गॅसवर दूध ठेवलंय का?

आणि माणूस दिसायला? ठणठणीत! आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली वेगळा ब्रेक, शिकणारा खांबावर निघाला तरी आवाज चढवायचा नाही. अशा माणसाला व्हावा? मी एवढी भांडकुदळ, मला साधी सर्दी नाही!

तर ठेवलं लक्ष. मग मानेत गाठी आल्या, अंथरूण घामानं भिजायला लागलं, आणि एक दिवस ब्रेकवर पाय उशिरा पडला, गाडी भिंतीला! कुणाला लागलं नाही, पण हे घरी येऊन स्वतःच म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना फोन लाव." बाई म्हणाल्या, "आता औषध द्यावं लागेल, पण आधी गुणसूत्रं तपासू." पुन्हा रक्त! अहो, जे बिघडलंय तेच किती काढाल?

रिपोर्ट आला. "सतराव्या गुणसूत्राचा एक तुकडा नाहीये." मी विचारलं, "गेला कुठं?" अडाण्यासारखं विचारलं, कबूल, पण तुम्ही काय विचारलं असतंत? बाईंनी समजावलं, त्या तुकड्यावर म्हणे एक राखणदार असतो, बिघडलेल्या पेशींना मारणारा. राखणदारच पळालेला! म्हणून नेहमीची केमो चालायची नाही. ह्यांनी एवढंच विचारलं, "दुसरा कुठला गेला असता तर?" "नुसता तेराव्यातला गेला असता तर बरं होतं." घ्या! हरवायचं तरी धड हरवावं!

आणि माणूस दिसायला? ठणठणीत! सासूबाईंना तर पटेचना. "मीच कमी देऊन जन्माला घातलं का रे तुला?" हे त्यांच्या पायाशी बसले. "नाही गं आई, हे जन्माचं नाही. तू सगळं पूर्ण दिलं होतंस, माझ्याकडूनच कुठंतरी पडलं." त्या म्हणाल्या, "धांदरटच मेला. शाळेत किती छत्र्या हरवल्यास..." आम्ही हसलो, खरंच हसलो! आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडात कोंबला.

मग रोजची एक गोळी निघाली. गाठी विरल्या, भूक लागली, म्हटलं सुटलो! दोनेक वर्षं गेली बरी... आणि आता पेशी त्या गोळीलाही जुमानेनाशा झाल्या. आणि माणूस दिसायला? ...जाऊ दे. हे म्हणाले, "तू गाडी शीक. पुढं मला दवाखान्यात कोण नेणार?" या वयात! अहो, क्लच म्हटलं की माझे दोन्ही पाय उठतात!

काल मीच नेलं त्यांना. मी गाडीतच थांबले होते, परत निघताना दवाखान्याच्या फाटकाशी विचारलं, "काय म्हणाल्या बाई?" "दुसरी गोळी देऊन बघू म्हणाल्या. किती चालेल सांगता येत नाही. तू आरसा बघ." बघितला हो! पण डोळ्यांत पाणी असलं की मागचा अख्खा ट्रक दिसत नाही... तो कर्कश हॉर्न, माझी किंकाळी, गाडी बंद! आणि हे, अगदी शांतपणे, "अशानं परीक्षेत नापास होशील."